न दुखणारी बाजू

"थांबा, शटर वर करतो," असं म्हणून अण्णा उजवा अंगठा तोंडात घालत, वरची कवळी टाळूला घट्ट दाबत आणि मग बोलायला लागत. एकदा शटर वर गेलं की दुकान लवकर बंद होत नसे.

अण्णांची ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कारणं भक्कम होती. आधी ते हयात होते म्हणून, नंतर ते गेले म्हणून, आणि मधल्या काळात माझी स्वतःची तब्येत नाजूक होती म्हणून. शिवाय गोष्ट आहे एका कवळीची. कवळीसाठी कोण पश्चात्ताप करत बसतो? तर मी.

नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत अण्णा माझ्या समोरच्या दारात राहायचे. सगळे त्यांना अण्णाच म्हणत. खरं नाव इथे देत नाही, त्यांच्या सुनेला ते आवडणार नाही. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. तुम्हीही असा एक गृहस्थ पाहिलेला असणार, जो लग्नात स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणतो. आमंत्रणावर फक्त जेवणाचा उल्लेख असला तरी म्हणतो. अण्णांच्या मंगलाष्टकांत नवऱ्या मुलाची डिग्री असे, त्याची कंपनी असे, मुलीच्या आजोळचं गाव असे. एका नवरदेवाचं 'सॉफ्टवेअर' वृत्तात बसेना, तर त्यांनी त्याचे सरळ दोन तुकडे करून दोन ओळींत वाटले होते. लोक तोंडावर रुमाल धरून हसत.

आवाज मात्र खणखणीत होता, हे कबूल करतो. शेवटचं 'सावधान' ते असं लांबवत की पंगतीची पानं मांडणारे वाढपीसुद्धा हातातलं काम ठेवून बघत. अक्षता टाकायच्या राहून जात.

मी मानपाड्याच्या एका कारखान्यात टूलरूमचा सुपरवायझर होतो. अण्णा मला 'फिटरसाहेब' म्हणत. फिटर वेगळा आणि सुपरवायझर वेगळा, हे मी त्यांना निवृत्त होईपर्यंत समजावलं.

"कळलं हो, फिटरसाहेब," ते म्हणत.

टूलरूमच्या माणसाला निवृत्तीनंतर एक रोग जडतो. त्याला जगातली कुठलीच वस्तू नीट बसलेली दिसत नाही. मी घरातली सगळी दारं घासली, कुकरची झाकणं घासली, शेजाऱ्यांच्या चष्म्याच्या काड्या वाकवून सरळ केल्या. त्यातल्या काही मोडल्या, पण सरळ मोडल्या. बायको म्हणाली, "आता माझ्याकडे बघू नका. मी आहे तशी बरी आहे."

अशात अण्णांच्या नातीचं लग्न ठरलं. एकुलती एक नात, लहानपणी यांच्याच मांडीवर बसून श्लोक शिकलेली. तिने आजोबांना बजावलं होतं, भटजी काय म्हणायचं ते म्हणू देत, शेवटचं मंगलाष्टक तुमचं. अण्णा त्यानंतर जिन्यात भेटतील त्याला थांबवून नवी ओळ ऐकवत. पण जुनी कवळी ढिली झालेली, दर ओळीला शटर वर करावं लागे. म्हणून त्यांनी नौपाड्यातल्याच एका डॉक्टरबाईंकडून नवी करून घेतली.

नवी कवळी पक्की बसली. इतकी पक्की की वर उजवीकडची हिरडी सोलवटून निघाली. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं सगळं अण्णांना पाठ होतं. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची, हिरड्यांना विश्रांती द्यायची. जेवल्यावर कवळी धुवायची, हिरड्यांवरून मऊ ब्रश फिरवायचा. दुखलंच तर कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करायच्या आणि सरळ दवाखान्यात यायचं, सहन करत बसायचं नाही. पाठ असणं आणि करणं यांचा आपल्याकडे संबंध नसतो. अण्णा ती रात्रंदिवस घालून बसत. "चप्पल नवीन असली की चावतेच. घालून घालून सैल पडते," हे त्यांचं वैद्यकशास्त्र. चपलेच्या जागी पाय सैल पडतो की काय, हे त्यांनी बघितलं नव्हतं.

एक दिवस ते गाल धरून माझ्याकडे आले. डोळ्यांत पाणी.

"वरणभातसुद्धा टोचतो हो. बाईंनी गुरुवारी बोलावलंय. म्हणाल्या, आदल्या दिवशी थोडा वेळ घालून ठेवा, म्हणजे कुठे घासते त्याची खूण हिरडीवर दिसेल. तोवर घरी काही करू नका."

"एवढ्याशा कामाला गुरुवार?" मी म्हणालो. "काढा बघू."

"अहो, पण त्या म्हणाल्यात..."

"त्यांना आपली फी घ्यायची असते, अण्णा. मी जन्मभर याहून बारीक कामं केली."

त्यांनी कवळी काढून माझ्या हातात दिली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता, ही त्यांची चूक. मी चष्मा चढवला, बारीक कानस काढली आणि उजव्या बाजूची कड घासली. वरून पॉलिश पेपर फिरवला. अण्णांनी घालून बघितली, जबडा हलवला, आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला.

"नाही लागत हो. खरंच नाही लागत."

इथे मी थांबायला हवं होतं. पण टूलरूममध्ये एका बाजूला कानस मारली आणि दुसरी तशीच सोडली, असं होत नाही. वस्तू दोन्हीकडून सारखी हवी. मी पुन्हा कवळी मागून घेतली.

"डावीकडे काही दुखत नाही," अण्णा म्हणाले.

"दुखण्याचा प्रश्न नाही. बॅलन्सचा आहे."

आणि मी न दुखणारी बाजूही तितकीच घासली. फार सुंदर काम झालं. कंपनीत असतो तर नव्या पोरांना बोलावून दाखवलं असतं.

त्या संध्याकाळी अण्णांनी माझ्यासमोर चकली खाल्ली. "हात आहे हो तुम्हाला, फिटरसाहेब," म्हणाले. मी नम्रपणे मान हलवली. दुसऱ्या दिवशी बोलताना कवळी खाली आली. तिसऱ्या दिवशी शिंकेबरोबर बेसिनमध्ये पडली. वरची कवळी टाळूला धरून राहते ती त्या कडेच्या जोरावर, हे मला गुरुवारी कळलं, दवाखान्यात. सोबत म्हणून मी गेलो होतो. मदतीला मी कधी मागे नसतो.

डॉक्टरबाईंनी कवळी हातात घेऊन उजेडाकडे धरली. दोन्ही कडांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "हे कोणी केलं?"

मी भिंतीवरचं चित्र वाचायला लागलो. दात कसे घासावेत याचं होतं. त्यातला दात हसत होता.

"मीच," अण्णा म्हणाले.

"उजवीकडे दुखत होतं, समजलं. पण ही डावी बाजू कशाला घासलीत?"

अण्णांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. "हौस हो. दुसरं काय."

मग बाईंनी त्यांना शाळेतल्या पोरासारखं झापलं. जाग्यावर पाच मिनिटांत झालं असतं, नेमकी दुखणारी जागा तेवढी मी कमी करून दिली असती, म्हणाल्या. आता दोन्ही कडा नव्याने बांधायला लॅबमध्ये पाठवावी लागेल आणि ती लग्नाआधी येणार नाही. सध्या तात्पुरतं काही लावून देते, चिकटवायची पावडर देते. गरम चहा-कॉफी टाळा, मोठं तोंड उघडू नका.

"मंगलाष्टक म्हणायचंय," अण्णा म्हणाले.

बाईंनी हातमोजे काढले. "हळू म्हणा," एवढंच बोलल्या.

रिक्षात मी विचारलं, "तुम्ही कशाला अंगावर घेतलंत?"

"अहो, तुम्हालाही ओरडल्या असत्या. एकाला ओरडून भागलं." थोड्या वेळाने म्हणाले, "त्या कामाला हात तुमचा चांगला लागला होता. जागा चुकली."

लग्न डोंबिवली पूर्वेच्या एका हॉलमध्ये होतं. अण्णांनी सकाळपासून पाणीसुद्धा जपून घेतलं. अंतरपाटाच्या अलीकडे नात हातात हार घेऊन उभी, आणि हे माइकपुढे, नव्या टोपीत. पहिल्या ओळी त्यांनी खरंच हळू म्हटल्या. ओठ जेमतेम उघडत होते. नात मान वाकडी करून त्यांच्याकडे बघत होती, ऐकू येत नाही म्हणून. ते त्यांनी पाहिलं. आणि शेवटच्या 'सावधान'ला त्यांनी आवाज सोडला, नेहमीसारखा.

'सा' पूर्ण झाला. 'व' वर कवळी खाली आली. त्यांनी ती जिभेवर झेलली, तोंड मिटलं आणि तोंडावर हात धरला. माइकमध्ये दातांचा एक आवाज झाला, तो साऱ्या हॉलने ऐकला. भटजींनी पटकन पुढचं ओढलं, वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या. अक्षतांबरोबर हशाही पडला, फार मोठा नाही, पण अगदी मागच्या खुर्च्यांपर्यंत गेला.

माझ्या शेजारी मुलाकडचे एक गृहस्थ होते. "काय झालं हो त्यांना?" त्यांनी विचारलं.

आता हे नीट ऐका, कारण बाकी सगळं मी याच्यासाठी सांगितलं. कानस मारणं हा मूर्खपणा होता, आणि मूर्खपणा मला शोभून दिसतो. पण मी त्या गृहस्थांना म्हणालो, "घरीच कानस मारून बसले. मी सांगितलं होतं, डॉक्टरकडे जा. ऐकतात कुठे?"

अण्णा माइकपासून बाजूला होऊन माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. दात गेले होते, कान शाबूत होते.

त्यांनी वळून बघितलं नाही. हात तोंडावरून काढला नाही. नात पाया पडायला आली तेव्हा दुसऱ्या हाताने आशीर्वाद दिला.

पुढे आमची इमारत पुनर्विकासाला गेली. आम्ही नौपाड्यातच भाड्याने राहिलो, अण्णा मुला-सुनेबरोबर कोपरला गेले. लग्नांत कुठेच दिसेनात. लोक म्हणाले, वय झालं. मी पण म्हणालो, वय झालं.

मला स्वतःला कवळी लागली तेव्हा एकदा कोपरला गेलो. वाटेत वाक्य तयार केलं होतं. सुनेने दार उघडलं. "बरं झालं आलात काका. हल्ली बोलतच नाहीत कोणाशी. कवळी तर नीट होऊन आली त्याला किती दिवस झाले, डबीतच आहे. लग्नानंतर घातलीच नाही."

अण्णा खिडकीपाशी बसले होते. गाल आत गेलेले. मी समोर बसलो आणि सवयीने जबडा चोळला.

"कुठे लागते?" त्यांनी विचारलं. दातांशिवाय शब्द मऊ येत होते.

"खाली. डावीकडे."

"रात्री काढता?"

"कधी कधी."

"रोज काढा. मिठाचं पाणी घ्या. आणि डॉक्टरकडे जा, घालून जा, म्हणजे खूण दिसेल." थोडं थांबून म्हणाले, "घरी कुणाला हात लावू देऊ नका."

त्यांनी ते माझ्याकडे बघून म्हटलं, अगदी शांतपणे. एवढं उघडं दार माझ्यासाठी आयुष्यात कुणी ठेवलं नव्हतं. सून चहा टाकायला आत गेली होती. मी पुढे सरकलो.

"अण्णा, ते लग्नात..."

"हं?"

"लग्नात जेवण चांगलं होतं."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाले, "हो. जिलबी बरी होती."

पुन्हा भेट झाली नाही. थंडीत त्यांच्या सुनेचाच फोन आला.

त्या दिवशी मात्र त्यांच्या घरून निघाल्यावर, कोपर स्टेशनचा जिना चढताना, ते वाक्य मला न अडखळता आलं. मोठ्याने आलं. "अण्णा, कानस मी मारली होती, आणि ते मी तिथेच, हॉलमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायला हवं होतं. मला माफ करा." समोरून उतरणाऱ्या एक बाई थबकल्या, आणि बाजूला होऊन त्यांनी मला वाट करून दिली.