एका पत्रातलं ‘अहो’

हे मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर मुळीच नाही. दोनदा सांगायला तोंड उघडलं आणि ‘चहा ठेवू का’ विचारून मोकळी झाले. तुला सांगतेय, कारण तू रुचाला ओळखत नाहीस. बघ — सुरुवातच ही अशी. भित्री आहे मी.

रुचा माझी इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. युनिव्हर्सिटीत असताना आम्ही एका खोलीत राहिलो, मग लग्नं झाल्यावर सिडनीच्या टूनगॅबीत दोन गल्ल्यांच्या अंतरावर घरं घेतली. तिच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे काकू म्हणतो, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या आणि विमानं बंद झाली म्हणून दीड वर्ष अडकल्या. काका तिकडे एकटे. मराठीचे निवृत्त शिक्षक, स्वभावाने कडक. आणि या सासू-सुनेचं गूळपीठ असं की लोकांना खोटं वाटायचं. ओट्याशी उभ्या राहून खुसुखुसु हसायच्या नुसत्या. मला हेवा वाटायचा. आत्ताच सांगून टाकते — वाटायचा. माझी सासू फोनवर फक्त माझं वजन विचारते.

दुसऱ्या मोठ्या लॉकडाऊनमध्ये आमच्या मंडळाने झूमवर वाचनाचा कार्यक्रम ठेवला, थोरामोठ्यांच्या बायकांवर. माझ्या वाट्याला आली अमेरिका स्वतंत्र होत होती तेव्हाच्या एका पुढाऱ्याची बायको. नवरा देशाच्या कामासाठी वर्षानुवर्षं बाहेर, आणि ही घरी शेती बघतेय, मुलांना शिकवतेय, कामाच्या माणसांशी हुज्जत घालतेय. देवीची साथ आली तेव्हा नवऱ्याची वाट न बघता मुलांना घेऊन शहरात गेली आणि सगळ्यांना टोचून घेतलं. त्या काळी टोचणं म्हणजे जिवाशी खेळच. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण पत्रं काय लिहायची! नवरा परदेशी गेल्यावर त्या पत्रांना पोचायला महिने लागायचे. आम्ही इथे लशीच्या अपॉइंटमेंटसाठी फोनला चिकटून बसलेलो. मला ती बाई अगदी शेजारीण वाटायला लागली.

पत्रं मराठीत आणताना घोडं एकाच ठिकाणी अडलं. ही बाई नवऱ्याला काय म्हणेल — अहो की तू? इंग्रजीत काय, सगळ्यांना एकच शब्द. दोन दिवस मी यावर घालवले. ती पत्रात त्याला मित्र म्हणते, राज्यकारभारावर मतं देते, वेळ पडली तर चांगलं सुनावते. म्हणून मी ‘तू’ ठरवलं. काय खूश होते मी स्वतःवर!

पण पत्रं पुरेशी झणझणीत वाटेनात. ती त्याच्यासाठी झुरते, तक्रार करते, परत झुरते. मला असं काहीतरी हवं होतं की लोक म्हणतील, वा, हिने कुठून शोधून काढलं!

कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी मी काकूंच्या आवाजाची चाचणी घेतली. सुरुवातीची प्रार्थना त्या म्हणणार होत्या. आवाज छान येतोय म्हटलं. त्यांनी आयपॅड ओट्यावर तसाच उभा ठेवला आणि कॉल संपला असं समजून रुचाशी बोलायला लागल्या. मी काय करायला हवं होतं? एक लाल बटण दाबायचं. किंवा नुसतं, ‘काकू, मी अजून आहे हं.’ आणि मी काय केलं? माझा माइक बंद केला, कॅमेरा बंद केला आणि ऐकत बसले.

रुचाने तव्यावरची पोळी त्यांच्या पानात वाढली असावी. काकू म्हणाल्या, “कुणाला बोलू नकोस हं. बेचाळीस वर्षांत मी गरम पोळी खाल्ली नव्हती. हे इथे नाहीत म्हणून खातेय. विमानं अजून थोडे दिवस सुरू होऊ नयेत असं वाटतं गं, आणि मग माझीच मला लाज वाटते.”

कुणीतरी नाक ओढलं.

आणि मी? मी वही ओढली. लिहिलं — ‘अहो, तुम्ही इथे नाही म्हणून मी गरम पाव खाते. अजून थोडे दिवस येऊ नका असं वाटतं, आणि मग माझीच मला लाज वाटते.’ पोळीचा पाव केला, बाकी सगळं जसंच्या तसं. ते त्या अमेरिकन बाईच्या तोंडी घातलं — जिने वर्षानुवर्षं नवऱ्याने घरी यावं म्हणून पत्रं लिहिली, तिच्या! ‘अहो’ लिहून गेले हे माझ्या लक्षातही आलं नाही. कानात काकूंचा आवाज होता.

त्या ओळखतील असं वाटलं नाही का? वाटलं की. पण म्हटलं पाव आहे, अमेरिका आहे, अडीचशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आणि वाक्य इतकं सुरेख होतं की मला सोडवेना.

शनिवारी चार वाजता कार्यक्रम झाला. पुण्यात साडेअकरा, त्यामुळे काकाही जॉइन झाले. मी मुद्दाम ‘तू’ का वापरलंय यावर आधी छोटं भाषण ठोकलं. मग पत्रं वाचली. टाळ्यांची चित्रं आली, दोघीतिघींनी डोळे पुसले. आणि काकांनी माइक सुरू केला.

“सगळ्या पत्रांत तू आहे,” ते म्हणाले. “या एकाच पत्रात अहो कसं?”

मी म्हटलं, ते पत्र उशिराचं आहे, तेव्हा दोघांत जरा अंतर पडलं होतं. कुठल्या सालचं, त्यांनी विचारलं. मी एक साल ठोकून दिलं. ‘बरं’ म्हणाले आणि स्क्रीनवरून गेले. काकूंच्या चौकटीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

पुढचे दोन दिवस फोन वाजला की आधी नाव बघायचे. सोमवारी काकूंनीच मला फिरायला बोलावलं. तेव्हा व्यायामासाठी एका माणसाबरोबर चालायला परवानगी होती. मास्कमुळे नुसते डोळे दिसत होते. म्हणाल्या, काका फोनवर म्हणाले, तू ये सावकाश, घाई नाही, नीट जेव — आणि तेव्हापासून फोन उचलत नाहीत. मग पार्काच्या कुंपणाशी थांबल्या.

“रुचाने सांगितलं ना तुला?”

आयपॅड सुरू होता, मी चोरून ऐकलं, एवढं म्हणायचं होतं. किती शब्द? पाच? सहा? मी म्हटलं, “काकू, जाऊ द्या ना.”

याचा अर्थ ‘हो’ होतो. मराठी बोलणाऱ्या कुणालाही कळतं ते. मलाही कळत होतं, म्हणून तर तसं म्हटलं. आणि खरं सांगू? घाबरलेली असूनसुद्धा आत कुठेतरी मला बरं वाटलं. हे लिहिताना स्वतःची शिसारी येतेय, पण वाटलं.

काकू भांडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या सुनेला थँक्यू म्हणायला लागल्या. चहा दिला, थँक्यू. औषध आणलं, थँक्यू. रुचा मलाच सांगायला आली, अगं, यांना काय झालंय? मी म्हटलं, लॉकडाऊनचा ताण असेल, होईल ठीक. विमानं सुरू झाल्यावर काकू गेल्या. काका-काकूंचं नंतर सावरलं म्हणे. रुचाचं नाही. आणि ते पत्र मंडळाच्या दिवाळी अंकात माझ्या नावाने छापून आलं. तेही मी थांबवलं नाही.

गेल्या वर्षी रुचा मुलांना घेऊन पुण्याला जाऊन आली. परत आल्यावर स्टेशनच्या पार्किंगमध्ये, माझ्या गाडीत बसून रडली. काकूंनी तिला कोरे टॉवेल काढून दिले, बाहेरची खोली दिली आणि तीन आठवड्यांत एकदाही स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. ‘पाहुणी आहेस, बस’ म्हणाल्या.

“माझं काय चुकलं गं?” तिने विचारलं.

“तुझं काहीच चुकलं नाही,” मी म्हटलं.

या सगळ्यात मी तिला खरं सांगितलं ते एवढंच. आणि ते तिला पटलं नाही.