निळ्या शीटऐवजी मांजरपाट

तळेगावातल्या एका छोट्या हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. एका दुपारी कचऱ्याची पिशवी बाहेर नेताना सुदुंबऱ्याच्या एका मावशींनी मला थांबवलं. त्यांच्या मालकांचं हर्नियाचं ऑपरेशन सकाळीच झालं होतं.

"सिस्टर, ही निळी कापडं फाटली न्हाईत, मळली न्हाईत. टाकताय कशापायी?"

"कापड नाही मावशी, एक प्रकारचं प्लास्टिकच आहे ते. वाफेच्या मशिनमध्ये घालण्याआधी हत्यारं यात गुंडाळतात. एकदा उघडलं की टाकायचं."

"आन् हे यायच्या आदी?"

शिकत असताना मीच मांजरपाटात हत्यारं बांधली होती. ते कधी बंद झालं आणि का, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. त्या आठवड्यात मी निळ्या शीटच्या पिशव्या बाजूला ठेवायला लावल्या. सहा दिवसांत स्टोअररूमचा कोपरा भरला.

आमच्या सर्जन सरांना तो कोपरा दाखवला. ते म्हणाले, "हत्यारांचे सेट कापडात बांधून बघा. पण खात्री पटल्याशिवाय एकाही पेशंटसाठी वापरायचे नाहीत."

मावशींच्या बचत गटात शिलाई मशिनी होत्या. टाके काढायला मालकांना घेऊन आल्या तेव्हा मी विचारलं, आणि पंधरवड्यात दुहेरी मांजरपाटाचे चौकोन शिवून आले. आम्ही रिकामे सेट बांधले, मशिनमध्ये ठेवले. बाहेर काढले तर ओलसर. ओला गठ्ठा निर्जंतुक धरत नाहीत. मी गठ्ठे सैल रचले, वाळवायची वेळ वाढवली, तरी तेच. शेवटी शरमतच मावशींना फोन केला.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. त्यांनी न वापरलेला एक चौकोन टेबलावर पसरला, बोट पाण्यात बुडवून त्यावर थेंब सोडला आणि वाकून बघत राहिल्या. थेंब मोत्यासारखा वरच बसला.

"धुतलं हुतं का?"

"नवं कोरं होतं की!"

"म्हनूनच! कोऱ्या मांजरपाटाला खळ असती. ती निघाल्याबिगर कापड पानी पीत न्हाई, वाफ तरी कशी आत-भायेर जाईल?"

इतकी वर्षं मी वाफेवर काम करते, पण कापडाकडे असं कधी बघितलं नव्हतं. सगळे चौकोन गरम पाण्यात दोनदा धुतले, गच्चीवर वाळवले. पुढचा गठ्ठा कोरडा निघाला. तरी सरांनी घाई केली नाही. गठ्ठा निर्जंतुक झाला की नाही ते दाखवणाऱ्या तपासणीच्या पट्ट्या कित्येक आठवडे ठीक आल्यावरच पहिला सेट थिएटरमध्ये गेला.

आता छोट्या ऑपरेशनचे सेट कापडात असतात, मोठ्या ऑपरेशनचे अजून निळ्या शीटमध्येच. मावशी महिन्यातून एकदा येतात. आम्ही दोघी खिडकीपाशी प्रत्येक चौकोन उजेडावर धरतो. भोक दिसलं की तो बाद.

परवा त्या धुलाईखोलीपाशी उभ्या राहिल्या. "एवढं धुतलेलं पानी जातं कुटं, सिस्टर?"

प्लंबरला घेऊन इमारतीच्या मागे गेलो. पाईप भिंतीपर्यंत दिसला, पुढे जमिनीखाली. "हितं खणाया लागंल," मावशी म्हणाल्या. पाणी कुठे जातं ते शोधायला उद्या सकाळी खणायचं ठरलंय.