कवळीतलं खोबरं

आमच्या मोहने गावात माझं कुणी खरं मानत नाही, आणि त्यात मोहन्याची काही चूक नाही. कारखान्यात लागलेली आग मी एका घमेल्याने विझवली, ही गोष्ट तिथल्या तीन पिढ्यांनी ऐकली आहे. त्यामुळे जठरात गाठ निघाली तेव्हा शेजारच्यांनी आधी हिला गाठून विचारलं, "वहिनी, या वेळी खरं ना?"

ठाण्याच्या इस्पितळात रोबोटने ऑपरेशन ठरलं. डॉक्टर कोपऱ्यात बसून बोटं हलवणार आणि यंत्राचे चार हात माझ्या पोटात काम करणार. गावात मी आठ सांगितले. आतून मात्र मी पार घाबरलो होतो. त्या सकाळी काही खायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. पण उशीखाली गावदेवीच्या नारळाचा तुकडा होता. डॉक्टरांचा शब्द मोडेन, देवीचा प्रसाद कसा टाकू, असं स्वतःला पटवलं आणि ही चहाला गेल्यावर तो गुपचूप खाल्ला. नर्सने विचारलं तेव्हा म्हणालो, "थेंबभर पाणी नाही." आयुष्यभराचा सराव तो.

थोड्या वेळाने वॉर्डातल्या मावशी माझी कवळी काढून घ्यायला आल्या. वाटीत धरून त्यांनी ती उजेडात नेली.

"काका, हे काय?"

"कालचं असेल."

"कालचं खोबरं इतकं ओलं? भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन फुफ्फुसात गेलं, तर तुमची देवी उपसायला येणार आहे का?"

दारात स्ट्रेचर येऊन थांबलं होतं. मी तोंड उघडलं, पण दातांशिवाय गोष्ट रचता येईना. देवीच्याच नावाने मी मरायला निघालो होतो.

"खाल्लं, मावशी," म्हणालो. शब्द फुसका आला, पण खरा आला.

ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. हिने माझी उशी उचलून दिवसभर स्वतःच्या मांडीवर ठेवली. मग गाठ काढून झाली, मी उठून बसलो आणि मावशींना हात जोडले. त्या म्हणाल्या, "अहो, कवळ्या रोजच धुते मी. हात कसले जोडताय?"

मी देवीला त्या यंत्राच्या हातांत शोधत होतो, ती वाटी घेऊन आली. समर्पण म्हणतात ते मला एवढंच कळलं: दात काढून ठेवायचे, आणि विचारलं तर खरं सांगायचं. रोबोटचे हात गावात मी अजून आठच सांगतो. खोबऱ्याचा तुकडा मात्र सांगताना होता तेवढाच ठेवतो.