देवाच्या तोंडाला तिळगूळ

मंडळी, आज आयर्लंडमधल्या ॲथलोनच्या ऑफिसात डबा खाताना चीनची लिन सांगत होती. त्यांचा चुलीचा देव चिनी वर्षाच्या अखेरीस, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, स्वर्गात जाऊन घरच्यांच्या चहाड्या करतो, म्हणून आधी त्याच्या तोंडाला मध लावायचा. दरवर्षी तिची आई लावायची. आई गेल्यानंतरचं हे पहिलंच वर्ष.

नायजेरियाच्या योरुबा समाजातला फेमी म्हणाला, "आमचा एशू देव पण वर निरोप नेतो. मात्र पहिला घास त्याला, नाहीतर काही पोचतच नाही."

माझ्याकडे संक्रांतीचा तिळगूळ होता. माणसांनी गोड बोलावं म्हणून आपण देतो तोच. फेमीने एक वडी एशूसाठी बाजूला ठेवली, एक लिनने घरच्या देवासाठी टिश्यूत गुंडाळली.

"ग्रँड," आयरिश लोक 'छान' म्हणतात तसं ती म्हणाली, "वर आईसुद्धा ऐकेल."

तुमच्याबद्दल वर कोण काय सांगत असेल हो?