समोरच्या शेठचा छाप अन् आमची चुनडी

रंगाऱ्याकडं काम केलं की किस्से नखात रंग बसावा तसे बसतात. घासून निघत नाहीत. मी दुसरीतून पळालेला, जसं तोंडात येतं तसं लिहितो.

महाराष्ट्र नवा नवा होता. देऊळगाव राजात मी रहीम रंगाऱ्याकडं लुगडी पिळायला होतो. त्याची बायको, आमची भाभी, सुती लुगड्याला चिमटीनं गाठी मारायची. रंगात बुडवून गाठ सोडली की तिथं पांढरा ठिपका. हीच चुनडी! समोरच्या शेठनं मिलची छापील ठिपक्यांची लुगडी आणली, स्वस्तातली. भाभी म्हणाली, "या जत्रेत माल नाही खपला त गाठी बंद. वावरात निंदाले जाईन!"

तेव्हापासून मला बसवेना. गिऱ्हाईक दिसलं की उठून उभा!

*

पाटलीणबाई तणतणत आल्या. "इस्त्री मारली न सारी चुन गेली, एक चुणी राह्यली नाही!"

मी उठलो. "इस्त्री कोणं सांगितली?"

"परटानं."

"मंग त्यालेच नेसवा!"

रहीम ओरडला, "अबे, गिऱ्हाईक पळवतं काय?" भाभीनं लुगडं भिजवलं, पीळ घालून वाळवलं. चुन परत!

*

मास्तरीणबाईंची तक्रार, "पाचवारीच्या निऱ्या फुगतात हो."

"फुगू द्या न! पोलकं एकरंगी घाला, पदराले पीन नका लावू, मोकळा सोडा. चापूनचोपून पाहिजे त गोणपाट नेसा!"

बाई खूप हसल्या. अन् समोरून छापील घेऊन गेल्या!

*

उंद्रीचा एक म्हातारा सुनेसाठी आला. खरी चुनडी गाठींसकट विकतात. तो म्हणे, "याले फुटाणे काऊन बांधले?"

मी अन् रहीमनं दोन टोकं धरून ओढलं. तडातड गाठी सुटल्या, ठिपके उमलले.

म्हातारा खाली शोधत म्हणे, "अन् फुटाणे कुठी गेले?"

*

जत्रा तोंडावर आली अन् शेठ स्वतः आला, गठ्ठा घेऊन. "भाभी, बाया गाठी पाह्यल्याबिगर खरं मानत नाहीत. माझ्या छापील ठिपक्यांवर नुसत्या गाठी मारून द्या."

रहीमनं मान खाली घातली. भाभी म्हणाली, "ठेवा."

मी तिच्याशी बोलणंच टाकलं!

जत्रेच्या सकाळी शेठ आला. त्याची लुगडी दोरीवर, गाठींसकट, गर्द जांभळी!

"हे काय केलं?"

भाभी म्हणाली, "गाठ मारली की बुडवाच लागते, शेठ. आमच्यात तशीच रीत हाय."

"अन् माझा छाप?"

"तो बुडाला न रंगात!"

शेठ कपाळ धरून उभा. त्याच्या मागून शेठाणी आली. एक लुगडं ओढलं, तडातड गाठी सोडल्या, पदर खांद्यावर टाकला. रस्त्यावरच्या बाया थांबल्या. एक म्हणाली, "अशीच मले दाखवा!"

शेठाणीनं नवऱ्याकडं पाहिलं. "अहो, सरका न बाजूले! उजेडाले आडवे येऊन राह्यले!"