चुकलेली टाळी

आरतीत आईची एक टाळी चुकली आणि मी वळून तिच्याकडे पाहिलं. 'नैवेद्य झाला की लगेच जेवू' म्हणत तिनं इन्सुलिन टोचून घेतलं होतं. मग कुणाला तरी उत्साह आला. एकामागून एक आरत्या सुरूच राहिल्या. आता तिच्या कपाळावर साखर उतरल्याचा घाम दिसत होता.

सकाळपासून मीही उपाशीच होते. पण माझं यकृत साठवलेली साखर बेतानं रक्तात सोडत होतं आणि किती सोडायची ते स्वादुपिंड त्याला सुचवत होतं. आत कुणी इतकं राबतंय याची मी कधी दखलही घेतली नव्हती. आईच्या शरीरातला हा राखणदार, तिचं स्वादुपिंड, थकल्यापासून त्याचं काम आम्ही बाहेरून करतो. आम्हाला ते त्याच्यासारखं जमत नाही.

पंचामृतासाठी काढलेली साखर मी तिच्या तोंडापाशी नेली.

"अगं, देवाला दाखवायचाय अजून नैवेद्य."

"आई, तोंड उघड."

मंत्रपुष्पांजली संपेपर्यंत तिच्या ओंजळीतली फुलं थरथरायची थांबली. सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले. डोळे मिटायचं धाडस मला काही झालं नाही.