तार काढली, तरी हरणं थांबली

मंडळी, सकाळी अंगावर आलेला काटा अजून गेला नाही, म्हणून लिहितोय.

पाटोद्याजवळच्या माळावर सोलर प्लांट आहे. तिथं मी कुंपणाचं काम बघतो. दोन वर्षांपूर्वी काटेरी तार मीच ओढली आणि तेव्हापासून रोज तिच्यातून वाकून ये-जा करतो. त्या तारेनं हरणांची पाण्याकडं जायची वाट बंद झाली. मागं एक हरीण तारेत अडकून मेलं. तेव्हा कुठं त्यांच्या वाटेपुरता पट्टा मोकळा सोडायचं ठरलं. काल आम्ही तिथली तार काढली, खांब उपटले, खड्डे बुजवले, गवताचं बी टाकलं. साहेब म्हणाले, "महिनाभर बघू. हरणं या वाटेनं गेली नाहीत तर परत तार लावा."

आज उजाडताच कळप आला. वारा अजिबात नव्हता. मोटारीवर फिरणारे सगळे पॅनल एकदम उन्हाकडं वळले, तेवढीच कुरकुर. हरणं चालत आली आणि जिथं तार होती, बरोबर तिथंच एका रांगेत थांबली. समोर काहीच नव्हतं. बराच वेळ तशीच उभी राहिली, मग मागं फिरली.

मेंढरं घेऊन आलेले मारुतीमामा शेजारीच उभे होते. हळूच म्हणाले, "त्यांला अजून तार दिसती रं."

मला हसू आलं. "काय बी बोलता मामा! थांबा, जाऊन दावतो. काय न्हाई तिथं." तरातरा पट्टा ओलांडून पलीकडं गेलो आणि वळून पाहिलं. मामा माझ्याकडं टक लावून बघत होते.

"मधी वाकलास कावून रं?"

खरं सांगतो, मी वाकलो हे मला कळलंच नाही. मग हरणांना महिनाभरात कसं कळायचं, तुम्हीच सांगा.